चौतीस नंबरची लेक

यादीचं तिसरं पान कालवडीने खाल्लं, तिथून सगळं सुरू झालं.

एरवी मास्तरीण अगदी शहाण्यासारखी वागत होती. मंगळवारी सकाळच्या पहिल्या बसने पैदास केंद्रावर आली, फाटकाशी बूट औषधाच्या पाण्यात बुडवून घेतले, विक्रीच्या चाळीस कालवडींची आठ पानी यादी मागून घेतली आणि कुंपणाच्या नळीवर ठेवून एकेकीच्या कानातला बिल्ला यादीशी ताडून बघू लागली. घरी तिला सगळे ‘मास्तरीण’ म्हणत, ते काही उगाच नाही. पण लांबच्या कालवडीचा बिल्ला वाचायला तिने मान वर केली, आणि तेवढ्यात कुंपणाखालून एक ओली, खरखरीत जीभ आली.

“सोड... अगं सोड, माझं आहे ते—”

“ओढू नका,” मागून आवाज आला. “तुम्ही ओढलंत की तीही ओढते. तिला वाटतं, खेळ चाललाय.”

तिने वळून पाहिलं. उंच, शेलाटा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानावर पेन्सिल, खांद्याला दूध तोलायचा ताणकाटा आणि काखेत भलीमोठी वही. माणूस हसत होता. एवढ्यात पान गेलंच. कालवडीने शांतपणे ते चावलं आणि कपाळावरचा पांढरा ठिपका मास्तरणीच्या हातावर घासून दुसरं मिळेल का ते विचारलं.

“तुमची आहे का ही?” मास्तरणीने जरा तोऱ्यात विचारलं.

“केंद्राची. मी नुसता नोंदवाला. कोण कधी व्यायली, कोणी किती दूध दिलं, कोणाचा बाप कोण, एवढं लिहायचं.”

“मग हेही लिहा. हिने माझं तिसरं पान खाल्लं.”

“कोणते नंबर होते त्यावर?”

“अकरा ते पंधरा.”

“मग काही बिघडलं नाही. घ्या लिहून.” त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. “अकरा. आईचं पहिलं वेत तीन हजार सहाशे लिटर, दुसरं तीन हजार नऊशे. फॅट चार पूर्णांक एक. आजीचं सगळ्यात चांगलं वेत चार हजार. बापाच्या सत्तर लेकींचं दूध मोजलेलं. बारा...”

मास्तरणीला चौथ्या पानाची पाठकोरी बाजू पुरेना. तो पंधरापर्यंत आला आणि थांबला. “पंधरा म्हणजे हीच. तुमचं पान खाणारी. चौतीस नंबरच्या गाईची लेक. अख्ख्या यादीत हिचा आकडा पहिला.”

“सगळं पाठ आहे तुम्हाला?”

“गाईंचं आहे. माणसांची नावं विसरतो.”

“आणि ऑफिसात यादीची दुसरी प्रत नाही का?”

“आहे की. गठ्ठाच आहे.”

“मग एवढं म्हणून कशाला दाखवलंत?”

नोंदवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा कानावर ठेवली. “मी ऑफिसात गेलो असतो तर... तुम्ही इथे एकट्या, आणि ही भुकेली. उरलेली सात पानंही गेली असती.”

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण ती पाच कालवडी घ्यायला आली होती आणि त्यांच्यावर तिचं सगळं अवलंबून होतं.

त्याचं असं होतं की तिच्या बाबांनी चाळीस वर्षं गाई डोळ्याने पारखून घेतल्या होत्या. पाठ बघायची, कास बघायची, चाल बघायची, मनात भरली की दावं हातात घ्यायचं. डोळा तयार होता, यात वाद नाही. पण गेल्या तीन खेपांना त्या डोळ्याने दगा दिला. अंगाने भरलेल्या, तुकतुकीत कातडीच्या गाई दारात आल्या, आणि धारेला बसलं की बादलीचा तळ काही झाकला जाईना. नुसता बडा घर पोकळ वासा. मास्तरीण तेव्हापासून मागे लागली होती, “बाबा, खाण तशी माती. आधी आईचं दूध बघा, आजीचं बघा, बापाच्या लेकींचं बघा. गाय सगळ्यात शेवटी बघा.” ऐकून ऐकून बाबांचे कान किटले आणि एका सकाळी ते म्हणाले, “बरं. पाच कालवडी तू आण. तुझ्या पद्धतीने. जमलं तर गोठा तुझा. एक जरी फसली तर पुन्हा आकड्यांचं नाव काढायचं नाही, गोठा दादा बघेल.”

दादा म्हणजे चुलतभाऊ. तो गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. आणि मास्तरणीने तर या गोठ्यासाठी शहरातली बरी नोकरी सोडली होती. तिला तो गोठा हवा होता. दुसरं काहीच तिला एवढं हवंसं वाटलं नव्हतं. निदान त्या मंगळवारच्या सकाळपर्यंत तरी.

गुरुवारी ती निवड करायला पुन्हा आली. या वेळी केस जरा नीट बांधले होते. त्याचं कारण बस, वारा वगैरे काहीही असू शकतं.

नोंदवाला एकेक कालवड मोकळ्यावर आणायचा, चालवून दाखवायचा आणि ती यादीत खुणा करायची. बारा कालवडी झाल्या आणि आभाळ भरून आलं. सर अशी कोसळली की दोघं जवळच्या चाऱ्याच्या शेडमध्ये पळाले. पंधरा नंबर त्याच्याच हातात होती, म्हणून तीही आली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वाळल्या गवताचा उबदार वास होता, आणि जागा एवढी कमी की त्याच्या बाहीचं पाणी तिच्या बाहीवर ठिबकत होतं. दोघांपैकी कोणीच सरकलं नाही.

“हे एक मला समजावा,” ती म्हणाली. “प्रत्येक आकड्याशेजारी ‘भरवसा’ म्हणून टक्के दिलेत. वळूचा ऐंशी टक्के, कालवडीचा तीस-पस्तीस. असं का?”

“वळूच्या पुष्कळ लेकी दूध देताना मोजल्या, म्हणून त्याच्या आकड्यावर जास्त विसंबायचं. कालवड अजून व्यायलीच नाही, तिचा नुसता अंदाज.”

“अस्सं. आणि नोंदवाल्याचा भरवसा किती टक्के धरायचा?”

“नोंदवाल्याच्या लेकी कुठे मोजल्यात अजून,” तो सहज बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “म्हणजे... लेकी नाहीतच. म्हणजे लग्नच... झालेलं नाही.”

आता मात्र ती हसली. पोट धरून हसली. पंधरा नंबरने त्या गडबडीत तिच्या बाहीचं बटण चाखून पाहिलं, आणि नोंदवाला बिचारा पावसाकडे असं बघत राहिला की जणू त्याची नोंद ठेवायचंही काम त्याच्याकडेच होतं.

हसू ओसरल्यावर तिने ऑफिसातून घेतलेल्या नव्या प्रतीतलं पंधराचं पान उघडलं. आनंदात असली तरी मास्तरीण ती मास्तरीणच. “चौतीस नंबरचं दुसरं वेत चार हजार शंभर. तिसरं एकदम पाच हजारांच्या वर. आणि चौथं पुन्हा चार हजार तीनशे. तिसऱ्यातच एवढं कसं?”

“त्या वर्षी चारा चांगला होता.”

“मग बाकीच्या गाईंचं का नाही वाढलं? चारा तर सगळ्यांनाच तोच ना?”

त्याने पानावरचे आकडे पुन्हा वाचले. हसरा चेहरा एकदम विचारात पडला. “जुनी वही बघायला हवी,” तो हळूच म्हणाला. “मी तेव्हा नवीनच लागलो होतो. बघून सांगतो.”

पाऊस थांबला. तिने पाच नंबर पक्के केले आणि पहिला नंबर पंधराचा लिहिला. आकडा पहिला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर मंगळवारपासून तिचा जीव त्या ठिपक्यात अडकला होता म्हणूनही.

शुक्रवारी बाबा गाडी घेऊन आले. त्यांनी आल्या आल्या केंद्राच्या मालकीणबाईंना नमस्कार केला आणि हात मागे बांधून लेकीने निवडलेल्या पाचींभोवती एक फेरी मारली. चार बघून ते “हं” एवढंच म्हणाले. पंधरापाशी मात्र थांबले. रुंद पाठ, सरळ पाय, मऊसूत कातडी. बाबांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मास्तरणीचा जीव भांड्यात पडला.

“ही बघ,” ते म्हणाले. “ही मीसुद्धा घेतली असती.”

चार कालवडी गाडीत चढल्या. पाचवी फळीवर निम्म्यात होती, आणि मास्तरीण हळूच इकडेतिकडे बघत होती. आज सगळे होते, नोंदवालाच कुठे दिसत नव्हता. तिने तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघितलं तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यावरून धावत येताना दिसला. डोक्यात जळमटं, हातात धुळीने माखलेली वही.

“थांबा,” तो धापा टाकत म्हणाला. “तिला चढवू नका. तिचा आकडा चुकलाय.”

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या.

“म्हणजे काय?” मास्तरणीने विचारलं.

“चौतीस नंबरचं तिसरं वेत. ही झाली तेव्हाचं. तिची कास दुपारीच भरून यायची, ती हंबरत उभी राहायची. मला बघवेना, म्हणून मी तिची दुपारचीही धार काढायचो. अख्खं वेतभर. दूध बरोबर तोललं, बरोबर लिहिलं. पण तक्त्यात ‘दिवसाच्या धारा’ असं एक घर असतं. सगळ्या गाईंच्या दोन, म्हणून मी हिच्याही दोनच लिहिल्या. होत्या तीन.” त्याने वही पुढे केली. “तीन वेळा काढलं की दूध वाढतंच. पुढच्या वेताला माझं दुपारचं काम बदललं, धार बंद झाली आणि दूध खाली आलं. माळ्यावरच्या पेटीत वही होती, आत्ता सापडली. चूक माझी आहे. बाकी कोणाची नाही.”

“दोन धारांवर आणलं तर किती होतं?”

“चार हजार दोनशेच्या आसपास. मग ही पहिल्यावरून तेराव्यावर जाते.”

तेरावी. मास्तरणीला वाटलं, पायाखालची फळीच कोणी काढून घेतली. क्षणभर तिला त्याचा असा राग आला की वही हिसकावून कालवडीला खायला घालावी. आज गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? आणि लगेच मनात आलं, बिघडलं असतं. सगळंच बिघडलं असतं. एवढी मोठी चूक सगळ्यांसमोर, मालकिणीच्या देखत, स्वतःच्या तोंडाने सांगत होता हा. तिला पहिल्यांदाच त्या आठ पानांतल्या बाकी सगळ्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावासा वाटला.

बाबा मात्र खुशीत आले होते. “बघ. मी काय म्हणत होतो? आकडे लिहितो कोण, माणूसच ना?” मग त्यांनी पंधराच्या पाठीवर थाप मारली. “जाऊ दे. आकडा गेला उडत. कालवड फाकडू आहे. माझा डोळा सांगतो, घे. ही पाचवी धरली मी, चल, चढव.”

म्हणजे ती जिंकली होती. पाच कालवडी झाल्या, बाबा राजी, गोठा तिचा. फक्त दावं जरा पुढे ओढायचं होतं. पंधरा नंबर तिच्याकडेच बघत होती, आणि नोंदवालाही.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “आकड्यावर घ्यायच्या म्हणून मी भांडले. आता आकडा पडला, तर सोडायलाही हवी.”

तिने स्वतः दावं धरून कालवडीला फळीवरून मागे उतरवलं. कालवडीने तिचा हात चाटला, आणि मास्तरणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला ती खाली वाकून दाव्याची गाठ सोडत बसली.

“आकड्यात सहावी कोण आहे?” तिने मान वर न करता विचारलं.

“एकवीस,” नोंदवाला म्हणाला. “आईच्या चारही वेतांच्या धारा मी आत्ता पुन्हा तपासल्या. दोन म्हणजे दोनच आहेत.”

एकवीस नंबर आली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, एक शिंग वाकडं, चालताना मान अशी हलवायची की कोणावर तरी रुसली असावी. बाबांनी दाढ दुखल्यासारखा चेहरा केला.

“ही?”

“हीच,” मास्तरीण म्हणाली.

एकवीस गाडीत चढली. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले, मग दुसरी. लेक काळजीने बघत होती. आता ते दादाचं नाव काढणार, असं तिला वाटलं. तिसऱ्या फेरीला ते तिच्यासमोर थांबले.

“तुला ती ठिपकेवाली आवडली होती,” ते म्हणाले. “पहिलीच. मी बघत होतो.”

“खूप.”

“मला सोडवली नसती. मागच्या तिन्ही खेपांना नाहीच सोडवली. आवडली की मी घरी आणत आलो.” त्यांनी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “गोठा तू बघ. दादाला काय सांगायचं ते मी सांगतो.”

तिला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आपण नाचू. प्रत्यक्षात तिच्या तोंडून “बरं” एवढंच निघालं.

तिकडे मालकीणबाईंनी नोंदवाल्याला फैलावर घेतलं होतं. “ठरलेली विक्री मोडायला पगार देते का मी तुला? सगळी यादी पुन्हा तपासायची, प्रत्येक वेत, प्रत्येक धार. आणि शिक्षा म्हणून या पाची कालवडी व्यायल्या की वर्षभर दर महिन्याला यांच्या गोठ्यावर जायचं, दूध मोजून द्यायचं. स्वतःच्या सुट्टीत. कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला. शिक्षा ऐकून एवढा उजळलेला चेहरा मालकीणबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरणीकडे, आणि मग ऑफिसात घाईचं काम निघालं त्यांचं.

बाबा गाडीची मागची फळी बांधत होते. दोघं कुंपणापाशी उभे होते.

“व्यायला अजून चार महिने आहेत,” मास्तरीण म्हणाली.

“माहीत आहे. मीच लिहिल्यात तारखा.”

“आमच्याकडे बारा जुन्या गाई आहेत. एकीचीही नोंद नाही. सगळं बाबांच्या डोक्यात.” ती बोटांनी कुंपणाची नळी पुसत राहिली, ती स्वच्छ होती तरी. “सुरुवात उद्यापासून करायची म्हटली तर... धार पहाटे पाचला असते.”

“येईन.” तो थांबला, वही छातीशी घट्ट धरली आणि एका दमात बोलून टाकलं. “पण एक आत्ताच सांगतो. मागाहून चूक निघाली असं नको. मी गाईंसाठी येणार नाही. तुमच्यासाठी येईन. मंगळवारी तुम्ही त्या पानासाठी भांडत होता ना, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. काल मी एका गाईचं दूध दोनदा तोललं.”

तिला वाटलं होतं, असं कोणी कधी म्हणालं तर आपण काहीतरी फार सुरेख उत्तर देऊ. सुरेख काहीच आठवेना.

“मलाही तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “फार आवडता.”

गाडीचा हॉर्न वाजला. ती पळत सुटली, अर्ध्या वाटेत वळून पाहिलं, तो तिथेच उभा होता, आणि पंधरा नंबर निवांतपणे त्याच्या वहीचा कोपरा खात होती. त्याला पत्ताच नव्हता.

गाडी रस्त्याला लागली. मागे पाच कालवडी डुलत होत्या, आणि पुढे मास्तरीण खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होती.

“काय गं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. उद्या पहाटे पाचला तो नोंदवाला येणार आहे.”

“एवढ्यात? दूध मोजायला?”

हो म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली.

गाडी एकदम रस्त्याच्या कडेला गेली, खड्ड्यात आदळली आणि वर आली. मागून पाच जणी एकदम हंबरल्या.

“बाबा, नीट चालवा,” गोठ्याच्या नव्या कारभारणीने दम भरला. “माझ्या कालवडी गाभण आहेत.”

बाबांनी निमूटपणे गाडी हळू केली. घराचं वळण दिसायला लागलं तेव्हा त्यांनी आरसा नीट करत विचारलं, “पाचला म्हणालीस ना?”

“हो.”

“मग मला साडेचारला उठव.”